पंधरा मिनिटांचं प्लॅस्टिक

(दृश्य: पांढरी टेस्ट कॅसेट, अगदी जवळून)

ही झटपट तपासणीची कॅसेट. हा नमुन्याचा थेंब बघा. भोकात पडला आणि आतल्या पट्टीवर सरकू लागला. आधी ‘टी’, म्हणजे तपासणीची जागा, मग ‘सी’, म्हणजे टेस्ट नीट चालल्याची खूण. गुलाबी रेघ उमटली. पंधरा मिनिटांत निकाल हातात आला आणि कॅसेटचं काम संपलं.

(दृश्य: कॅसेट उघडताना)

कडेला नखानं जोर दिला की ती कट्कन उघडते. आत जेमतेम बोटभर लांबीची पट्टी. तपासणी करते ती एवढीच. बाकीचं प्लॅस्टिक तिला धरून ठेवायला. हे छोटे उंचवटे पाहा. ते पट्टीचे तुकडे एकमेकांवर दाबून ठेवतात, म्हणून थेंब मध्येच अडत नाही.

मे 2021मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या कोविड किटला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची मंजुरी मिळाली आणि आपण घरच्या घरी टेस्ट करू लागलो. त्या दिवसांत अशा किटचा केवढा आधार वाटला! पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 साली हिशेब मांडला. संयुक्त राष्ट्रांमार्फत देशोदेशी गेलेल्या 14 कोटींहून अधिक किटमधून 2,600 टन कचरा होऊ शकतो, आणि त्यात मुख्यतः प्लॅस्टिकच.

(दृश्य: उसाचा फड)

साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळतं, त्यापासून पीएलए हे जैवप्लॅस्टिक. 2024मध्ये प्राज कंपनीनं जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. मग कॅसेट याचीच का नको?

अडचण आहे ती तापमानाची. पीएलए परसातल्या खड्ड्यात सहजी कुजत नाही. त्याला साठएक अंशांची ऊब लागते, म्हणजे मोठा कंपोस्ट प्रकल्पच हवा. आणि त्याच सुमाराला ते मऊही पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत खोकी तापली आणि ते उंचवटे जरा जरी बसले, तर रेघेवर विश्वास कसा ठेवायचा?

जिवाणू आपल्या पेशीत चरबीसारखं साठवतात ते पीएचए हे दुसरं जैवप्लॅस्टिक मातीत आणि समुद्रातही कुजतं. त्यातला पहिला प्रकार मोरिस लेमॉइन यांनी पाश्चर संस्थेत 1926 साली ओळखला. पण तो ठिसूळ, आणि अजून महाग.

शिवाय रक्त किंवा नाकातला स्राव लागलेली कॅसेट कंपोस्टमध्ये टाकणार कशी? 2016च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे दवाखान्यातलं दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत जातं, निर्जंतुक होतं, मग पुनर्वापराला. त्या ढिगात पीएलए मिसळलं, तर बाकीचं प्लॅस्टिकही बिघडतं. म्हणून मला वाटतं, आधी प्लॅस्टिक कमी करावं. उरेल तेवढ्यापुरताच पर्याय शोधावा.

(दृश्य: पुठ्ठ्याचं कार्ड)

हे होऊ शकतं. अमेरिकेत 2020मध्ये आलेल्या ‘बायनॅक्सनाउ’ या कोविड टेस्टची पट्टी पुठ्ठ्याच्या कार्डात बसवलेली होती. वरच्या भोकात द्रावणाचे सहा थेंब, नाकातला बोळा आत सरकवायचा, कार्ड पुस्तकासारखं मिटायचं. पंधरा मिनिटांनी खिडकीत तीच गुलाबी रेघ.