चहापाणी ते कॉफी

मंडळी, साठ वर्षांपूर्वीच्या हाँगकाँगमध्ये आग लागली की बंब यायचा. बंबवाले उतरायचे, पाइप उलगडायचे आणि मग निवांत उभे राहायचे. कँटनी बोलीत पाण्याचा शब्द पैशालाही चालतो. त्यामुळे घर जळत असलेल्या माणसाला बंबवाला विचारायचा, ‘पाणी आहे का?’ असेल तर पाणी सुटायचं, नसेल तर मंडळी पांगायची. सरकारी दवाखान्यात आयाच्या हातावर काही टेकवल्याशिवाय बेडपॅन मिळत नसे. अँब्युलन्सवालेही आधी हात पुढे करत, मग स्ट्रेचर. या सगळ्याला तिथे ‘चहाचे पैसे’ म्हणत. तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की भाषांतराची गरज नाही.

आयोजकांनी पत्रिकेवर ‘हाँगकाँगच्या यशाचं रहस्य’ असं छापलंय. रहस्य ठाऊक असतं तर मी आज इथे या पंख्याखाली उभा नसतो. मी तिथे एका लहानशा कापडाच्या पेढीत सहा वर्षं काढली. अर्थशास्त्रज्ञ नाही, हिशेब बघणारा माणूस आहे. पण चहाच्या पैशांचं हे गाव आशियातलं मोठं अर्थकेंद्र कसं झालं, याची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती मला पटत नाही.

ती गोष्ट अशी. ब्रिटिशांनी कर कमी ठेवले, बंदर खुलं ठेवलं, सरकार बाजूला झालं आणि कष्टाळू चिनी माणसांनी चमत्कार केला. या गोष्टीचा नायक जॉन काउपरथ्वेट, 1961 ते 1971 या काळातला अर्थसचिव. हा गृहस्थ आकडेवारी गोळा करायलासुद्धा नाखूश असे. आकडे हाती आले की सरकारला हात घालायची खाज सुटते, हे त्याचं म्हणणं. यात तथ्य आहे, नाही असं नाही.

पण त्याच हाँगकाँगमध्ये एका कॅथीड्रलखालचा तुकडा सोडला तर बाकी सगळी जमीन सरकारची. बिल्डरला मिळतो तो भाडेपट्टा. 1953 च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली, पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली, आणि त्यानंतर सरकारने जी घरं बांधायला घेतली ती आजतागायत. आज जवळजवळ निम्मं गाव सरकारी किंवा सरकारी मदतीच्या घरात राहतं. कामगाराचं भाडं कमी म्हणून कारखानदाराला कमी पगार परवडला. याला कुणी मुक्त बाजारपेठ म्हणायचं तर म्हणो. मी म्हणेन, हात कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे तिथल्या राज्यकर्त्यांना बरं कळत होतं.

आता थोडं आपल्या मुंबईचं. 1864 साल. अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस बंद, इकडे मुंबईत पैशाचा पाऊस आणि रोज एक नवी बँक. त्यातल्याच काही मंडळींच्या डोक्यात आलं की चीनच्या व्यापारासाठी बँक काढावी, पण शेअर बहुतेक आपल्याकडे ठेवावेत आणि तिथल्या व्यापाऱ्यांना जरासे द्यावेत. ही बातमी हाँगकाँगला थॉमस सदरलँड या स्कॉटिश माणसाच्या कानावर गेली. तो पी अँड ओ जहाज कंपनीचा तिथला अधिकारी, वय तिशीच्या आत. त्याने घाईघाईने स्वतःच्याच बँकेचं माहितीपत्रक लिहून काढलं आणि व्यापाऱ्यांना गोळा केलं. 1865 च्या मार्चमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेचं दार उघडलं. त्याच वर्षी मुंबईचा फुगा फुटला. आजची एचएसबीसी मुंबईच्या धसक्यातून जन्माला आली असं मी म्हणतो, आणि तिथल्या बँकवाल्यांनाही ते हसून मान्य असतं.

गंमत अशी की त्या बँकेच्या पहिल्या समितीवरही मुंबईच्या ओळखीची माणसं होती. पारशी व्यापारी होते, ससून होते, म्हणजे आपल्या ससून डॉकवाले. पारशांची छाप तिथे अजून दिसते. खाडीपलीकडच्या कौलूनला जाणारी स्टार फेरी ही बोट दोराबजी नवरोजींनी सुरू केली. हाँगकाँग विद्यापीठासाठी पैसा दिला तो होर्मसजी मोदींनी, त्यांच्या नावाचा रस्ता त्सिम शा त्सुईत आहे. माझी पेढी तिथून चालत पाच मिनिटांवर. पण पारशांचा चीनशी हा संबंध जुळला तो कापसाबरोबर अफूवर, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जायची. जे. जे. रुग्णालयाच्या जमशेटजींचा आणि ब्रिटिश व्यापारी जार्डिनचा स्नेह त्याच धंद्यातला.

असो. आपण चहाच्या पैशांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

तिथल्या पोलिसांत एक म्हण होती, पुढे 1973 च्या चौकशी अहवालातही ती आली. नवीन पोलिसाला सांगायचे: बसमध्ये चढ, नाहीतर बसबरोबर पळ, पण बससमोर उभा राहू नकोस. चढला तो हप्त्यात वाटेकरी. पळाला तो पैसे घेत नाही, पण तोंडही उघडत नाही. आणि समोर उभा राहिला त्याच्या अंगावरून बस जाते. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या पेढीतलेच नव्हे, आयुष्यात भेटलेले सगळे सज्जन आठवले. बहुतेक बसबरोबर पळणारे. मीही.

1973 मध्ये पीटर गॉडबर नावाच्या बड्या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याची चौकशी सुरू झाली. त्याच्याकडे त्रेचाळीस लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त मालमत्ता निघाली. सगळ्या नोकरीत त्याने घरी नेलेल्या पगाराच्या ही सहापट. उत्तर द्यायला मुदत दिली, तर हा पठ्ठ्या पोलिसाचा विमानतळ पास दाखवून विमानात बसला आणि लंडनला पोचला. लोक रस्त्यावर आले, ‘गॉडबरला पकडा’. त्यावेळचा गव्हर्नर मरे मॅकलहोस. त्याला दोन वाटा होत्या. पोलिसांतलाच भ्रष्टाचारविरोधी विभाग आणखी मोठा करायचा, म्हणजे बसच्याच ड्रायव्हरला बस अडवायला सांगायचं. किंवा सगळंच बाहेर काढायचं. त्याने दुसरी वाट धरली. 15 फेब्रुवारी 1974 ला आयसीएसी, म्हणजे स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग सुरू झाला. पोलिसांच्या हाताखाली नाही, कुठल्या खात्याच्या नाही, थेट गव्हर्नरला उत्तरदायी. गॉडबरला परत आणलं, चार वर्षांची शिक्षा झाली.

कायद्यात दोन कलमं अशी की आपल्याकडच्या वकिलांना घाम फुटेल. सरकारी नोकराची राहणी पगाराच्या मानाने जास्त असेल तर पैसा कुठून आला ते त्यानेच सांगायचं. आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लाच फक्त सरकारी कचेरीत होते असं हा कायदा मानत नाही. खाजगी कंपनीतल्या खरेदीच्या माणसाने मालकाला अंधारात ठेवून माल देणाऱ्याकडून टक्केवारी घेतली, तर तोही गुन्हा. व्यापारी मंडळींनी कुरकुर केली, कमिशन ही आमची रीत आहे म्हणाले. आयोग बधला नाही.

याचा अर्थ मला एका काजूकतलीने शिकवला. दिवाळीत मी एका गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी विभागातल्या बाईंना मुंबईहून आणवलेला एक किलोचा डबा नेऊन दिला. हेतू शुद्ध होता. म्हणजे, अगदी शुद्ध नव्हता, पण आपल्याकडच्या मानाने शुद्ध. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, हसल्या, ड्रॉवरमधून एक वही काढली. तारीख, माझं नाव, पेढीचं नाव, ‘मिठाई’, अंदाजे किंमत. किंमत त्यांनी मलाच विचारली. मग डबा उघडून सगळ्या टेबलांवरून फिरवला, आणि शेवटी उरलेला तुकडा मला दिला. मी तो तिथेच उभ्याने खाल्ला. इतकी कडू काजूकतली मी पुन्हा खाल्ली नाही. त्या बाईंनी पुढे माझा दर दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा ऑर्डर दिली, कारण तिसऱ्यांदा माझा दर खरोखरच कमी होता.

पण ही लढाई सरळ जिंकली असं नाही, आणि मला नेतृत्व दिसतं ते इथे. 1977 मध्ये आयोगाने पोलिसांच्या टोळ्याच्या टोळ्या धरायला सुरुवात केली. पोलीस बिथरले. ऑक्टोबरअखेर काही जण आयोगाच्या कचेरीत घुसले, कर्मचाऱ्यांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी गावात कायदा कुणाचा, असा प्रश्न उभा राहिला. मॅकलहोसने काय करावं? त्याने माफी जाहीर केली. 1 जानेवारी 1977 च्या आधीच्या गुन्ह्यांचा, काही अपवाद सोडून, आयोग पाठपुरावा करणार नाही. वर्षानुवर्षं ही माफी मला खुपायची. हजारो हप्तेखोर पेन्शन घेऊन सुटले की! आज वाटतं, माफी दिली ती जुन्या चोरांना, आयोग मात्र त्याने मोडू दिला नाही. तारखेच्या पुढे जो घेईल तो गेला, हे सगळ्यांना कळलं. मला अजूनही ते पूर्ण गोड लागत नाही, पण त्याच्या जागी मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही.

आणि इथे चहाची कॉफी झाली. आयोगाने चौकशीला बोलावलं की लोक म्हणू लागले, ‘त्याला कॉफी प्यायला बोलावलंय.’ अजून म्हणतात. डिमसमच्या, म्हणजे चहाबरोबरच्या चिनी फराळाच्या, टेबलावर कुणी तुमच्या कपात चहा ओतला तर तिथे दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करतात, आभार म्हणून. एकदा जेवताना कुणीतरी म्हणालं, अमक्याला कॉफीला बोलावलंय, आणि टेबलावरची सगळी टकटक थांबली.

1998 ची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1983 पासून तिथला डॉलर एका अमेरिकन डॉलरला 7.80 या दराने बांधलेला. आशियात संकट आलं, मंदीवाल्यांनी दुहेरी डाव टाकला. एकीकडे चलन विकायचं, त्याने व्याजदर चढतात, म्हणून शेअर पडतात, आणि दुसरीकडे शेअर निर्देशांक आधीच विकून ठेवलेला. दोन्हीकडून कमाई. ऑगस्टमध्ये अर्थसचिव डोनाल्ड त्सांगने सरकारी तिजोरीतून दोन आठवड्यांत 118 अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर घेतले. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञासारखे हाँगकाँगचे भक्त चिडले. मंदीवाले पळाले, नंतर सरकारने ते शेअर हळूहळू लोकांना विकले आणि नफाही कमावला.

हाच त्सांग पुढे हाँगकाँगचा प्रमुख झाला, आणि नंतर त्यालाच कॉफीला बोलावलं गेलं. एका फ्लॅटच्या व्यवहारातली माहिती दडवल्याबद्दल 2017 मध्ये शिक्षा झाली, तो तुरुंगात गेला, आणि 2019 मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याच्याआधी 2014 मध्ये राफेल हुई हा माजी मुख्य सचिव आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या बिल्डरांपैकी एक, दोघे एकाच खटल्यात दोषी ठरले. गॉडबरच्या वेळी ही कल्पनाही कुणी केली नसती.

2020 मध्ये बीजिंगने लागू केलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर हे सगळं तसंच आहे का, असं तुम्ही विचाराल. व्यापाराचा खटला अजून चालतो, करार अजून पाळला जातो. पण मोठं वर्तमानपत्र बंद पडलं, त्याचा मालक तुरुंगात गेला, आणि सर्वोच्च अपील न्यायालयातले काही परदेशी न्यायमूर्ती राजीनामा देऊन निघून गेले. माझे तिथले मित्र हल्ली फोनवर हवामानाबद्दल फार बोलतात.

शेवटी एक जागा दाखवतो. एचएसबीसीच्या दारात दोन कांस्य सिंह आहेत, 1935 चे. एक गर्जना करतो, दुसरा गप्प. अंगावर दुसऱ्या महायुद्धातल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. जपान्यांनी त्यांना वितळवायला ओसाकाला नेलं होतं, युद्धानंतर ते सापडले आणि परत आले. माणसं जाता-येता त्यांच्या पंजांवरून हात फिरवतात. वर अब्जावधींची उलाढाल, पण इमारतीचा तळमजला भिंतीशिवाय, जाण्या-येण्यासाठी मोकळा.

रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गावात तीन लाखांहून अधिक घरकामवाल्या आहेत, बहुतेक फिलिपिनो आणि इंडोनेशियन. कायद्याने त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी जायला घर नाही. त्या पुठ्ठ्याची खोकी उलगडून बँकेखाली बसतात. चपला पुठ्ठ्याच्या कडेला ओळीने काढलेल्या. एकमेकींची नखं रंगवतात, पत्ते खेळतात, घरी पाठवायची खोकी चिकटपट्टीने बांधतात. मी पहिल्या वर्षी एकदा वाट चुकून त्यांच्यातून चाललो होतो. एकीने पुठ्ठा जरा ओढून मला वाट करून दिली, आणि डब्यातला भात पुढे करून विचारलं, ‘सर, जेवलात?’