मतदानाचं वय नव्हतं, हेलिकॉप्टर हाती होतं

(पडद्यावर: टेक्सासचं माळरान, आकाशात लहान हेलिकॉप्टरांची रांग)

मिनरल वेल्स हे टेक्सासमधलं छोटं गाव. १९६०च्या दशकात या गावावर दिवसभर हेलिकॉप्टरांची घरघर असायची. शेजारच्या फोर्ट वॉल्टर्स तळावर अमेरिकी लष्कर व्हिएतनाम युद्धासाठी हेलिकॉप्टरचे वैमानिक घडवत होतं, आणि त्याला घाई होती. इथे यायला पदवी लागत नव्हती. शाळा संपली की भरती व्हायचं, परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी पार करायची. इथलं आणि पुढे अलाबामातल्या फोर्ट रकरचं मिळून नऊएक महिन्यांचं प्रशिक्षण पुरं केलं की वॉरंट ऑफिसरचा, म्हणजे साध्या सैनिकाच्या वरचा पण नेहमीच्या अधिकाऱ्याच्या खालचा, हुद्दा मिळायचा आणि छातीवर वैमानिकाचे पंख लागायचे. यातली कित्येक पोरं एकोणीस-वीस वर्षांची होती. आपल्याकडे या वयाचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो आणि बाईक हळू चालव म्हणून आई त्याला रोज बजावत असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. ते १८ झालं १९७१ मध्ये. युद्धावर धाडणारं सरकार निवडायचा हक्कही यातल्या अनेकांना नव्हता.

पहिली कसोटी असायची हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर धरण्याची. डाव्या हातात कलेक्टिव्हचा दांडा, तो वर ओढला की यंत्र उचललं जातं. त्याच दांड्याच्या टोकाला थ्रॉटलची मूठ. उजव्या हातात सायक्लिक, पुढे-मागे, डावी-उजवीकडे जाण्यासाठी. पायाखाली पेडल, नाक वळवायला. यातलं एक हललं की बाकीचं सगळं बिघडतं. कलेक्टिव्ह ओढला की नाक उजवीकडे फिरतं. ते सावरायला डावं पेडल दाबावं तर इंजिनाची ताकद खर्ची पडते. प्रशिक्षक आधी एकेकच कंट्रोल हाती देत. सगळे एकदम दिले की यंत्र मैदानभर भरकटायचं आणि पोरगं घामाघूम. मग एखाद्या दिवशी हातापायांना आपोआप जमून जायचं. एकट्याने पहिलं उड्डाण केलं की सोबती त्याला उचलून गावातल्या हॉलिडे इनच्या तलावात टाकत.

त्यानंतर व्हिएतनाम. मुदत एक वर्षाची.

(पडद्यावर: पहाटेचा अंधार, बॅटरीच्या उजेडात ह्यूई हेलिकॉप्टर)

नवा आलेला पोरगा म्हणजे 'पीटर पायलट'. शेजारच्या सीटवर एअरक्राफ्ट कमांडर, आधीच काही महिने युद्ध पाहिलेला, वयाने पुष्कळदा तेवढाच. दिवस उजाडण्याआधी ह्यूईच्या छतावर चढायचं आणि पातं ज्या एका मोठ्या नटाने खांबाला धरून ठेवलेलं असतं, तो नट हाताने चाचपून बघायचा. तो निसटला तर वाचवणारं दुसरं काही नव्हतं. खाली क्रू चीफ उभा. यंत्राची देखभाल त्याची, उडताना एका दारातली मशीनगनही त्याचीच. दुसऱ्या दारात गनर. चौघांचं हे कुटुंब.

कागदावर ह्यूईत ११ सैनिक मावत. पण व्हिएतनामच्या उष्ण, दमट हवेत पात्याला पुरेशी उचल मिळत नाही, म्हणून बऱ्याचदा सात-आठच घ्यायचे. उतरायची जागा म्हणजे जंगलातला एखादा मोकळा तुकडा, पुरुषभर उंच गवत, आणि कडेच्या झाडीत कोण दबा धरून बसलंय ते दिसत नाही. गोळीबार सुरू झाला तरी रांग मोडून वळता येत नाही, कारण पुढेमागे दुसरी हेलिकॉप्टरं असतात. आणि एक गोष्ट या वैमानिकांबद्दल नेहमी लक्षात ठेवायला हवी. गोळ्या अंगावर येत असताना त्यांचे दोन्ही हात दांड्यांवर अडकलेले असत. छातीवर चिलखताची जड पाटी, सीटच्या बाजूला पोलादी आडोसा, समोर मात्र नुसती प्लेक्सिग्लासची काच. सैनिक उड्या मारून उतरेपर्यंत यंत्र तसंच, तिथेच धरून ठेवायचं.

जखमींना आणणाऱ्या हेलिकॉप्टरांना 'डस्टऑफ' म्हणत. मेजर चार्ल्स केली हा त्यातला अधिकारी, या पोरांहून वयाने बराच मोठा. १ जुलै १९६४ रोजी तो जखमींना न्यायला उतरत होता. गोळीबार वाढला तेव्हा खालून त्याला निघून जायला सांगण्यात आलं. त्याने रेडिओवर उत्तर दिलं, "तुमचे जखमी माझ्या ताब्यात आले, की निघतो." पुढच्या काही क्षणांत गोळी लागून तो गेला. त्याच्यामागून आलेल्या डस्टऑफ वैमानिकांनी हे वाक्य आपला नियमच मानलं.

या युद्धात सुमारे १२,००० अमेरिकी हेलिकॉप्टरं वापरली गेली. त्यातली जवळपास ५,००० नष्ट झाली आणि सुमारे २,२०० वैमानिक मारले गेले.

हे युद्ध अमेरिकेने लढायलाच नको होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. खेड्यापाड्यांत सैन्य नेऊन उतरवलं ते याच हेलिकॉप्टरांनी. म्हणूनच १६ मार्च १९६८ ची सकाळ सांगितल्याशिवाय या वैमानिकांची गोष्ट पुरी होत नाही.

(पडद्यावर: क्वांग न्गाई प्रांताचा नकाशा, सोन मी गाव)

वॉरंट ऑफिसर ह्यू थॉम्प्सन, वय २४. त्याच्याबरोबर ग्लेन अँड्रिओटा, वय २०, आणि लॉरेन्स कोलबर्न, वय १८. हे तिघं लहानशा टेहळणी हेलिकॉप्टरमधून सोन मी गावावर उडत होते. जगाला हे गाव माय लाय या नावाने माहीत आहे. शेतात पडलेल्या जखमी गावकऱ्यांना मदत मिळावी म्हणून थॉम्प्सनने त्यांच्याजवळ हिरव्या धुराच्या खुणा टाकल्या. मदत आलीच नाही. आपलेच सैनिक त्या जखमींना गोळ्या घालताना त्याला दिसले.

पुढे एका खंदकात दडलेली बायका-मुलं आणि त्यांच्या दिशेने चाललेले अमेरिकी सैनिक त्याच्या नजरेला पडले. त्याने हेलिकॉप्टर नेमकं त्या दोहोंच्या मधे उतरवलं. उतरताना आपल्या दोघांना सांगितलं, सैनिकांनी या लोकांवर गोळी चालवली तर तुम्ही सैनिकांवर चालवा. स्वतः चालत खंदकापाशी गेला, लोकांना बाहेर काढलं आणि दुसऱ्या हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांना बोलावून त्या गावकऱ्यांना हलवलं. परत उडाल्यावर प्रेतांनी भरलेल्या चरात काहीतरी हललेलं अँड्रिओटाला दिसलं. तो त्या चरात उतरला आणि एका जिवंत मुलाला घेऊन वर आला. मुलाला त्यांनी इस्पितळात पोहोचवलं. तळावर येऊन थॉम्प्सनने वरिष्ठांपुढे सगळं सांगितलं आणि गोळीबार थांबवण्याचा हुकूम सुटला. व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी ५०४ माणसं मारली गेली.

अँड्रिओटा त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, ८ एप्रिलला, लढाईत मारला गेला. थॉम्प्सनने मायदेशी साक्ष दिली, तर त्याला देशद्रोही म्हटलं गेलं. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, दारात मेलेली जनावरं टाकली गेली. लष्कर सोडल्यावरही त्याने उडणं सोडलं नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर तो हेलिकॉप्टर नेत असे.

तीस वर्षांनी लष्कराने त्याला सोल्जर्स मेडल द्यायचं ठरवलं. समारंभ गाजावाजा न करता उरकावा असा विचार होता. थॉम्प्सनने दोन अटी घातल्या: पदक वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकापाशी, सगळ्यांसमोर द्यायचं, आणि कोलबर्न व अँड्रिओटा यांनाही द्यायचं. ६ मार्च १९९८ रोजी तिघांची नावं एकत्र पुकारली गेली.