छोट्या मोटरचा करंट आणि व्होल्टेज : कुठं मोजायचं, कधी मोजायचं

जळालेली थ्री फेज मोटर उघडली की काय झालं ते वाइंडिंगच, म्हणजे आतल्या तारेच्या कॉइलच, सांगतं. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या पडल्या असतील तर जादा लोड किंवा कमी व्होल्टेज. डेल्टा मोटरीत (तिन्ही फेजच्या कॉइल त्रिकोणात जोडलेल्या) एकाच फेजच्या कॉइलचा कोळसा झालाय आणि बाकी दोन फेजच्या वार्निशला डाग नाही, तर चालू मोटरीचा एक फेज गेला होता. स्टारमध्ये (तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधलेली) उलटं, दोन फेज जळतात आणि एक कोरा राहतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे कुणाला शिकवायला नको. आज बोलायचंय ते मोटर अजून धडधाकट असताना काय बघायचं यावर.

आपल्या ओळखीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, घेऊ. तीन एचपी, म्हणजे 2.2 किलोवॅट, 415 व्होल्ट, नेमप्लेटवर 4.7 ॲम्पियर. क्लॅम्प मीटर (वायर जबड्यात धरून करंट मोजणारा) एका वेळी एकाच वायरीभोवती लावायचा. सिंगल फेजला फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतले की शून्य दिसतं, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. मोटर अगदी लहान, अर्ध्या ॲम्पियरची असेल तर वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आकड्याला दहानं भागा.

पट्टा काढून मोटर मोकळी चालवली तरी दोन ॲम्पियरच्या आसपास करंट दिसेल. बरेचजण इथं बुचकळ्यात पडतात. हा करंट काम करत नाही, लोखंडात चुंबकत्व टिकवून धरतो. म्हणून हलक्या लोडवर नुसत्या ॲम्पियरवरून फार कळत नाही. पट्टा तुटला तरी काटा शून्यावर येत नाही, आणि कोरड्या पडलेल्या पंपाचा करंट घटतो पण संपत नाही. डंकाचं आणखी एक आहे. मिरचीवर घाव पडतो तसा करंट वरखाली होतो आणि डिजिटल मीटरवर आकडे नुसते नाचतात. अशा जागी पॅनेलवर जुना काट्याचा अँमीटरच बरा. काटा कुठं ते कुठं हलतोय ते डोळ्याला दिसतं.

आता व्होल्टेज. बोर्डावर मोजून उपयोग नाही. मोटरच्या टर्मिनलवर मोजायचं, तेही लोड चालू असताना. पंचगंगेच्या काठावरची एक एचपी सिंगल फेज मोटर घ्या, 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, अंतर शंभर मीटर. जाऊन-येऊन दोनशे मीटर झाले, म्हणजे जवळपास दीड ओहम. चालताना सात ॲम्पियरला दहा व्होल्ट पडतात, ते चालून जातं. सुरू होताना करंट पाचपट, 35 ॲम्पियर धरला तर पन्नासवर व्होल्ट केबलमध्येच जातात. 230 चे 178 उरतात. जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, त्यामुळं मोटरला साधारण साठ टक्केच जोर मिळतो. ती जागेवर घुमत राहते आणि आपण कपॅसिटर बदलत बसतो.

तीन फेजचं व्होल्टेज एकमेकांशी ताडून बघा. 415, 405, 395 आलं तर सरासरी 405, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक 10, म्हणजे असमतोल अडीच टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. पण करंटमधला फरक याच्या सहा ते दहापट निघू शकतो, आणि वाइंडिंगची तापमानवाढ दहा-बारा टक्क्यांनी जास्त होते. बोर्डावर तिन्ही सारखे आणि टर्मिनलवर वेगळे असतील तर सैल लग (वायरीच्या टोकाची जोडपट्टी) किंवा कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) जळका पॉइंट शोधा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गेलेला फेज. मोटर फिरत असेल तर गेलेल्या फेजच्या टर्मिनलवर ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. व्होल्टमीटर तिथं जवळजवळ पूर्ण आकडा दाखवतो. उरलेल्या दोन वायरींत करंट 1.73 पट होतो. मोटर साठ टक्के लोडवर असेल तर तो नेमप्लेटच्या आसपासच येतो. 4.7 वर लावलेला ओव्हरलोड रिले, जो जादा करंटला मोटर बंद करतो, गप्प बसतो, आणि डेल्टातली एक कॉइल मात्र वीस टक्के जादा करंट खात असते. तिसऱ्या वायरीवर क्लॅम्प लावला तर शून्य दिसेल, पण तो लावतं कोण? म्हणून फेज गेल्याचं करंटवरून ओळखून मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर घ्या. आणि मोटर वरचेवर ट्रिप होते म्हणून रिलेचा स्क्रू पिळून 6 वर नेऊ नका.

हल्ली पोरं मोबाईलवर आकडे बघायला करंट मोजणारा एसीएस 712 सेन्सर लावतात. वीस ॲम्पियरच्या सेन्सरला दर ॲम्पियरला 100 मिलिव्होल्ट मिळतात, शून्य 2.5 व्होल्टवर असतं. एसीची सरळ सरासरी शून्यच येणार. निदान दहा सायकल, म्हणजे 200 मिलिसेकंद नमुने घ्या, त्यांतून शून्याची पातळी वजा करा, वर्ग करा, सरासरी घ्या आणि वर्गमूळ काढा. सुरू होतानाचा आकडा मात्र त्यावर धरू नका. डंकाच्या मोटरीचा तेव्हाचा शिखर-करंट चाळीसच्या घरात जातो आणि सेन्सर वीसच्या थोडं वर गेला की टेकतो.

करंट तिन्ही फेजमध्ये वेगळा दिसला तर दोष महावितरणचा की मोटरचा, यावर भांडण ठरलेलं. मेन बंद करा, तिन्ही वायरी टर्मिनलवर एकेक घर पुढं सरकवा आणि पुन्हा मोजा. जास्त करंट पहिल्याच वायरीत राहिला तर दोष सप्लायचा. तो टर्मिनलबरोबर दुसऱ्या वायरीत गेला तर वाइंडिंगचा. सरकवायच्या तिन्ही. दोनच बदलल्या तर मोटर उलटी फिरेल.