सर्दीची गोळी घेण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या मागेपुढे आपल्या विदर्भात सोयाबीनची मळणी जोरात असते, हडंब्याच्या भुसकटाने शिवार धूसर होते, पाठोपाठ कापसाची वेचणी लागते आणि पहाटेचा गारवाही वाढत जातो. याच दिवसांत घरोघरी नाके गळू लागतात आणि गावातल्या मेडिकलवर, कधी कधी तर किराणा दुकानातही, एकच मागणी ऐकू येते : "भाऊ, सर्दीच्या दोन गोया दे." दुकानदार पाकिटातून कात्रीने दोन गोळ्या कापून देतो. त्या तुकड्यावर बहुधा औषधाचे पूर्ण नाव राहत नाही, आतल्या घटकांची यादी राहत नाही आणि मुदतीची तारीखही राहत नाही. आजचे माझे बोलणे त्या कापल्या गेलेल्या मजकुराविषयी आहे.

सर्दीची गोळी म्हणून आपण जी घेतो, ती दिसायला एक असली तरी तिच्यात दोन, तीन, कधी चार औषधे एकत्र असतात. पहिले असते ॲलर्जीविरोधी औषध, बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन किंवा सेटिरिझिन. धूळ किंवा परागकणांमुळे शरीरात हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते आणि शिंका, खाज, पाणी गळणे सुरू होते. त्या हिस्टामिनचे काम हे औषध अडवते. दुसरे असते चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी घातलेले फिनाइलएफ्रिन, जे रक्तवाहिन्या आकुंचित करते. तिसरे बहुधा पॅरासिटामॉल असते, तापासाठी आणि अंगदुखीसाठी. काही गोळ्यांत कॅफिनही असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने 2023 साली असे मत दिले की, तोंडावाटे घेतलेल्या फिनाइलएफ्रिनचा नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे होण्यासाठी उपयोग होत नाही. म्हणजे ज्याला केवळ भुसकटाच्या धुळीने शिंका येत आहेत, त्याला नुसते ॲलर्जीचे औषध पुरेसे असताना आपण उरलेली दोन औषधे विनाकारण पोटात घालत असतो. मला हे फार खटकते.

सगळ्यांत जास्त काळजी मला घरातल्या वडीलधाऱ्यांची वाटते. साठी-सत्तरीच्या आजोबांना आधीच रक्तदाबाची गोळी चालू असते आणि प्रोस्टेटची गाठ वाढल्यामुळे लघवीला धार नीट लागत नसते, पण ही दुसरी गोष्ट ते संकोचापायी कुणाला सांगत नाहीत. रात्री नाक चोंदले म्हणून सुनेने प्रेमाने सर्दीची गोळी दिली, तर क्लोरफेनिरामाइनमुळे मूत्राशयाचे आकुंचन मंदावते, फिनाइलएफ्रिनमुळे त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू अधिक आवळला जातो, आणि पहाटेपर्यंत पोट तट्ट फुगून लघवी पूर्ण अडलेली असते. मग नळी घालून लघवी काढण्यासाठी ग्रामीण रुग्णालयात धाव घ्यावी लागते. याच गोळीने रक्तदाब वाढू शकतो, छातीत धडधड होते, काचबिंदूच्या काही रुग्णांच्या डोळ्यांतला दाब एकाएकी वाढतो, आणि वयस्कर माणसाला झापड येऊन तो असंबद्ध बोलू लागतो किंवा अंधारात तोल जाऊन पडतो. म्हणून रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, थायरॉइड, काचबिंदू किंवा लघवीची तक्रार असलेल्यांनी, मानसिक आजाराची औषधे चालू असलेल्यांनी, तसेच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी चूक दुहेरी मात्रेची. सर्दीच्या गोळीत 325 किंवा 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते हे ठाऊक नसल्याने, ताप आला म्हणून माणूस वर पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतो. धडधाकट प्रौढ माणसालाही चोवीस तासांत सर्व औषधे मिळून 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, कारण त्यापुढे यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. आणि रोज दारू घेणाऱ्याला याहून कमी मात्राही बाधू शकते. मोहाची असो वा दुकानातली, दारूबरोबर क्लोरफेनिरामाइनची गुंगी कितीतरी वाढते. ही गोळी घेतल्यावर ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये आणि हडंब्यावर पेंढ्या लावायला तर मुळीच उभे राहू नये.

फवारणी करणाऱ्या बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत सुरुवातीला नाक आणि डोळे गळतात, तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, मळमळते, डोळ्यांपुढे धूसर दिसते. फवारणीच्या दिवशी हे झाले तर ती सर्दी समजून गोळी घेऊन झोपू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 क्रमांकावर फोन करा आणि फवारणीच्या औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात बरोबर न्या.

आता लेकरांविषयी. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे निर्देश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिले. त्यानंतर 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात याच प्रकारचे सिरप घेतलेल्या वीसहून अधिक बालकांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला; त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. हा दोष कारखान्यातला होता, आईबापांचा नव्हता. पण केंद्र सरकारने त्याच वेळी पुन्हा स्पष्ट केले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि साधारणपणे पाच वर्षांखाली ती सुचवली जात नाहीत. लहान मुलांची बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. तान्ह्या बाळाच्या नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाइनचे, थेंब टाकावेत आणि त्याला वरचेवर अंगावर पाजावे. मोठ्या मुलाला डॉक्टरांनी सिरप लिहून दिलेच तर ते घरातल्या चमच्याने नव्हे, बाटलीसोबतच्या खुणा केलेल्या मापानेच द्यावे, कारण घरातला प्रत्येक चमचा 5 मिलिलिटरचा नसतो.

नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंबही तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. सवय लागली की थेंब थांबवताच नाक अधिकच चोंदते.

मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जात असेल, ते पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा त्याची लघवी कमी झाली असेल, किंवा मोठ्या माणसाला छातीत दुखत असेल, लघवी अडली असेल किंवा तीन दिवसांनंतरही ताप उतरत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. घरी दिलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे आणि बाटल्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात आणि शेवटची मात्रा किती वाजता दिली ते डॉक्टरांना सांगावे.

नमस्कार.