गांजा, कोवळं वय आणि पहिले काही आठवडे

मंडळी, मालवण बंदराच्या बाजूला वाढलेल्या एका मुलापासून सुरुवात करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वय एकोणीस, ट्रॉलरवर खलाशी. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या आणि पंधरा दिवसांत आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. "डॉक्टरानू, झील माझो चार राती निजूक नाय." पिशवीतून तिने स्टीलचा डबा काढला. डब्यात तांदूळ आणि तांदळात पुरलेला मोबाईल. त्यानेच पुरला होता. बोटीवरचा वायरलेस आता मोबाईलमधून बोलतो, आपलंच नाव घेतो, असं त्याचं म्हणणं.

त्याआधी देवळात गाऱ्हाणं घालून झालं होतं, भगतही झाला होता. मी त्यावर काही बोललो नाही. घाबरलेली आई आधी तिथेच जाणार. मुलाला एवढंच विचारलं, गांजा कधीपासून? म्हणाला, "नववीत आसल्यापासून."

'किती ओढतोस' याच्या आधी मी 'कधीपासून' विचारतो, त्याला कारण आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात 1972-73 साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर संशोधकांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सव्विसाव्या वर्षी शंभरात दहा जणांना स्किझोफ्रेनियासारखा, म्हणजे भास आणि भ्रम होत राहणारा, मनाचा आजार दिसला. न ओढणाऱ्यांत शंभरात तीन. काही मुलांना अकराव्या वर्षीच भास होत होते. तो भाग वजा केल्यावर फरक कमी झाला आणि तेवढ्या लहान गटावरून छातीठोक निष्कर्ष काढता येईना, हेही सांगायला हवं. पण हा एकटा पुरावा नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या 45 हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं पाठपुरावा झाला, निष्कर्ष 1987 साली आले. भरतीपूर्वी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट. 2019 साली युरोप आणि ब्राझीलमधल्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांना सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमांत वास्तवाशी नातं सुटण्याचा, धोका तिप्पट दिसला, आणि रोजचा माल जहाल असेल तर जवळजवळ पाचपट.

माल जहाल म्हणजे त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, जास्त. पानांची भांग, फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस यांना एकाच मापाने मोजू नका. शिवरात्रीच्या भांगेचा दाखला मला नेहमी दिला जातो. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानेही नुसत्या पानाला गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलं, हे खरं. पण नववीतला पोरगा रोज चिलीम ओढतो त्याचा शिवरात्रीशी काय संबंध?

टीएचसी मेंदूत डोपामिन या रसायनाचा तोल बिघडवतं. कुठली गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आणि कुठली सोडून द्यायची, ही निवड डोपामिनच्या मदतीने होते. ती बिघडली की वायरलेसची खरखरसुद्धा आपल्यालाच उद्देशून वाटते. आणि हा मेंदू पंचविशीपर्यंत घडतच असतो.

दम मारणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही. बहुतेक जण पडत नाहीत. मुलांना उलटं सांगू नका. त्यांनी ओढणारे धडधाकट मित्र पाहिलेले असतात. एक खोटं सापडलं की ते आपलं खरंही ऐकत नाहीत. मात्र घरात आई, बाप, मामा, आत्या, कुणालाही स्किझोफ्रेनिया असेल तर त्या मुलाला स्पष्ट सांगा: तुला हा पदार्थ परवडणारा नाही.

नशेतले भास काही तासांत उतरतात. नशा उतरूनही दिवसेंदिवस झोप नाही, संशय जात नाही, एकट्याने पुटपुटणं चालू आहे, तर तो आजार समजा आणि त्याच आठवड्यात दाखवा. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण त्यासाठी औषध थांबवून ठेवू नका. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन फुकट लागतो. आणि मुलगा बरा वाटला की येणं बंद करू नका, हे मी हात जोडून सांगतो. गांजामुळे सायकोसिस झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान होतं. तो एक कोण, हे पहिल्या महिन्यात मलाही ओळखता येत नाही.

तो मुलगा नारळी पौर्णिमेनंतर लगेच बोटीवर गेला नाही, मीच जाऊ दिलं नाही. तो हंगाम त्याने किनाऱ्यावर जाळी विणण्यात काढला. गांजा दोनदा सुटला, दोनदा परत सुरू झाला, तिसऱ्यांदा सुटला. आता तो समुद्रावर जातो. आई भाकरीच्या डब्यात गोळ्या कागदात बांधून देते, आणि बोट लागली की तो रिकामा कागद आधी तिच्या हातात ठेवतो.