दोघांनीही शिकायची भाषा

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी सेवेसाठी गेलेल्या मिशनरी दांपत्यांविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये बोलणे निघते, तेव्हा उपासना, प्रार्थनासभा आणि आजाऱ्यांच्या भेटी यांचा आवर्जून उल्लेख होतो. पहिली काही वर्षे ही माणसे दिवसाचा बहुतेक वेळ वही आणि शब्दकोश घेऊन बसलेली असतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. माझे यजमान आणि मी मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे आम्ही एका लहानशा मंडळीबरोबर सेवा करतो आणि आमचे सगळे काम रशियन भाषेत चालते.

किर्गिझस्तानात रशियन कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडेल. किर्गिझ ही तिथली राज्यभाषा आहे आणि खेडोपाडी तीच बोलली जाते. पण राज्यघटनेने रशियनलाही अधिकृत भाषेचा दर्जा दिला आहे, आणि सोव्हिएत काळात फ्रुंझे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात दुकान, दवाखाना, कचेरी असा सगळा व्यवहार रशियनमधून होतो. आमच्या मंडळीत किर्गिझ आणि रशियन कुटुंबे आहेतच. शिवाय १९३७ साली स्टालिनच्या हुकमाने अतिपूर्वेकडून मध्य आशियात हद्दपार केलेल्या कोरियनांचे आणि १९४१ साली व्होल्गाकाठच्या प्रदेशातून उठवलेल्या जर्मनांचे वंशजही आहेत. या सर्वांना एका बाकावर बसून एकत्र प्रार्थना करता येते ती रशियनमुळे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांना रशियन नीट कामापुरती येण्यासाठी ४४ आठवड्यांचा, म्हणजे वर्गातल्या सुमारे ११०० तासांचा अभ्यास धरला आहे. तोही अशा अधिकाऱ्यांसाठी, ज्यांना त्या काळात दुसरे काम नसते. मराठी माणसाची वाट थोडी सोपी आहे, असे मला अनुभवाने वाटते. सहा विभक्त्या पाहून आमच्याबरोबर शिकणारी युरोपीय मंडळी गांगरून जात. आम्हाला विभक्ती ही कल्पना शाळेपासून ठाऊक होती. तीन लिंगे आपल्याकडे आहेत, तू आणि तुम्ही यांतला फरक आहे, आणि माणसाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची रीतही आहे. तिथे शिक्षिकेला किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीला हाक मारताना स्वतःचे नाव आणि वडिलांच्या नावावरून झालेले नाव अशी दोन्ही उच्चारावी लागतात, आणि हा मान देणे आपल्याला मुळीच जड जात नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. शब्दातला आघात कोणत्या अक्षरावर पडेल याचा नियम हाती लागत नाही आणि आघात नसलेला ओकार बोलताना अकाराकडे झुकतो. जाणे या क्रियेसाठी पायी की वाहनाने, एकाच दिशेने की जाऊन परत, हे ठरवल्याशिवाय क्रियापद निवडता येत नाही. बाजारात तर व्याकरणाची परीक्षाच असते. बिश्केकच्या ओश बाजारात एक सफरचंद मागायचे तर शब्दाचे एक रूप, दोन ते चार मागायची तर दुसरे, पाचपासून वीसपर्यंत तिसरे, आणि एकवीस म्हटले की पुन्हा पहिले. पैसे मोजतानाही हाच नियम. वर्गात हे कोष्टक पाठ होते. पण पाठीमागे माणसे खोळंबलेली असताना ते तोंडातून नीट निघायला रोजचा बाजारच करावा लागतो, आणि विक्रेत्या बायका ही रूपे फार प्रेमाने दुरुस्त करून देतात.

आज मला मुख्यतः जे सांगायचे आहे, ते इथूनच सुरू होते. बहुतेक मिशनरी घरांत भाषेच्या शाळेत नवरा जातो आणि बायको मुले सांभाळते. संध्याकाळी तो आपली वही तिच्यापुढे ठेवतो आणि तिने त्यावरून शिकावे, अशी अपेक्षा असते. ही व्यवस्था काटकसरीची दिसते, पण ती टिकणारी नाही. रशियनमध्ये भूतकाळाचे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. आपणही मी गेलो आणि मी गेले असे वेगवेगळे म्हणतोच. नवऱ्याच्या वहीतून शिकणारी स्त्री स्वतःबद्दल सारे काही पुरुषासारखे बोलू लागते. तिला दुसऱ्या स्त्रियांचे बोलणे कानांवर पडायला हवे, आणि त्यासाठी तिचा स्वतःचा वर्ग, स्वतःची शिक्षिका आणि स्वतःचा मोकळा वेळ हवा.

शिवाय भाषेची गरज आधी कोणाला भासते, हेही पाहावे. उपदेश करताना दुभाषी मिळतो. मुलाला ताप आला म्हणून सरकारी दवाखान्यात रांगेत उभ्या राहिलेल्या आईला दुभाषी मिळत नाही. औषध जेवणाआधी द्यायचे की नंतर, हे तिला तिथल्या तिथे समजून घ्यावे लागते. बालवाडीच्या बाईंशी, घरमालकिणीशी, पाणी गेले म्हणून तळमजल्यावरच्या बायकांशी तीच बोलते. आमच्या सोव्हिएत बांधणीच्या इमारतीत प्रत्येक जिन्याच्या दाराशी एक बाक आहे आणि उन्हाळ्यात त्यावर आज्या बसलेल्या असतात. पाव पालथा ठेवू नये, फुले सम संख्येने फक्त अंत्यविधीला नेतात, उंबऱ्यावरून हात मिळवू नये, हे सगळे मला या आज्यांनी शिकवले. या गप्पांतून झालेली ओळख पुढे दुःखाच्या प्रसंगी उपयोगी पडली, आणि त्या ओळखीमुळेच शेजारणी मला प्रार्थनेसाठी आपल्या घरी बोलावू लागल्या.

आपल्याकडच्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. १८२९ साली जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश दांपत्य मुंबई इलाख्यात आले आणि प्रथम कोकणात राहून दोघांनीही मराठीचा अभ्यास केला. मार्गारेटबाईंनी लवकरच मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या. १८३५ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे त्यांना इथे फार थोडी वर्षे मिळाली. त्या मराठी शिकल्या नसत्या तर ज्या घरांतून मुली शाळेत येणार, त्या घरांच्या आत त्यांना पाऊलही टाकता आले नसते.

मंडळीतली भाषा हा आणखी एक टप्पा आहे. रशियन मंडळ्यांमध्ये आजही बहुधा १८७६ साली पूर्ण प्रसिद्ध झालेले पवित्र शास्त्राचे भाषांतर वाचले जाते. त्याची शब्दकळा बाजारातल्या रशियनपेक्षा जुनी आणि भारदस्त आहे. त्यामुळे भाजी घेण्याइतकी भाषा आली तरी स्तोत्र समजत नाही, आणि स्तोत्र समजू लागले तरी अंत्यविधीच्या वेळी विधवेशी काय बोलावे हे सुचत नाही. आमच्या शिक्षिका स्वतः उपासनेला येत नाहीत, तरी माझ्याकडून त्या स्तोत्रांचे मोठ्याने वाचन करून घेतात आणि आघात चुकला की पुन्हा ओळ वाचायला लावतात. त्यांचे हे ऋण फार मोठे आहे.

किर्गिझस्तानात परदेशी धर्मसेवकाला सरकारी नोंदणी करावी लागते आणि घरोघरी फिरून धार्मिक साहित्य वाटण्यास कायद्याने मनाई आहे. त्या देशाचे पाहुणे म्हणून आम्ही हा नियम काटेकोरपणे पाळतो. अशा ठिकाणी सेवेचा मार्ग बोलावणे आल्यावर जाण्याचा आणि विचारल्यावर उत्तर देण्याचा असतो. आणि विचारलेले कळले नाही तर उत्तर देणार तरी कसे?

म्हणून महाराष्ट्रातून जोडप्यांना परदेशी पाठवणाऱ्या मंडळ्यांना आणि संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. अंदाजपत्रक तयार करताना भाषाशिक्षणाची फी दोघांसाठी धरा. पहिली दोन वर्षे किती सभा घेतल्या याचा हिशेब त्यांच्याकडे मागू नका. मुले लहान असतील तर शिकवणीच्या तासांपुरती त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराची तरतूद करा, आणि ती वरखर्चात न टाकता सेवेच्या खर्चातच लिहा. जाणाऱ्या भगिनींनीही निघण्याआधीच आपल्या यजमानांशी बोलून कोणते तास कोणाचे, हे ठरवून घ्यावे. आम्ही सकाळचे तास माझे आणि दुपारचे त्यांचे अशी वाटणी केली होती, आणि मुलांच्या आजारपणातही शक्यतो ती मोडली नाही.

नमस्कार.