मसाला वेलचीचं गाव

आपल्या काळ्या मसाल्यात एक सुरकुतलेली, धुराचा वास येणारी वेलची पडते. मसाला वेलची. वाण्याकडे तिचं गाव कुणी विचारत नाही. ते हे, सिक्कीममधलं. पाय घसरेल असा उतार, वर उतीसची उंच झाडं आणि त्यांच्या सावलीत, ओलसर मातीत, माणूस लपेल एवढी वेलचीची बेटं. इथले नेपाळीभाषक तिला अलैंची म्हणतात.

उतीस नुसती सावली धरत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, पाला गळतो तो जागीच कुजतो. खताच्या गोणीवाचून बाग पोसली जाते. २००३ मध्ये सेंद्रिय राज्याचा ठराव विधानसभेत आला, तेव्हा या पिकापुरतं तरी काम झाडांनी आधीच करून ठेवलं होतं. पुढे रासायनिक खतांवरचं अनुदान टप्प्याटप्प्यानं उतरवलं गेलं. जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधानांनी गंगटोकमध्ये सिक्कीम पूर्ण सेंद्रिय झाल्याचं जाहीर केलं. क्षेत्र सुमारे ७५ हजार हेक्टर.

शिक्का मिळाला, पण रोगाला शिक्का वाचता येत नाही. चिर्केनं पानांवर पट्टे पडतात, फुर्केनं बेट खुरटतं. दोन्ही विषाणूंचे रोग, पसरवणारी कीड मावा. उपाय एकच: रोगट बेट मुळासकट उपटायचं आणि निरोगी रोप लावायचं. ते फळाला येईपर्यंत तीनेक वर्षं घर कशावर चालवायचं, हा प्रश्न उरतोच.

पीक हाती आलं तरी रस्ता हवा. माल उतरतो खाली पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीला, आणि इथल्या ताटातला बराचसा तांदूळ तिकडूनच वर चढतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये वरचं दक्षिण ल्होनक हे हिमसरोवर फुटलं, तिस्ता नदीनं पूल नेले, महामार्ग खचला. नेमका तोडणीचा हंगाम.

आता ही भट्टी बघा. खाली लाकडं, वर ओली बोंडं. आपल्याला आवडतो तो वास इथला. गंमत म्हणजे, धूर थेट लागू न देणाऱ्या सुधारित भट्टीत बोंडांचा मूळ लालसर रंग टिकतो आणि तोच माल उजवा ठरतो. वाळल्यावर बोंडाचं शेपूट छाटतात. बाजारात त्याला 'कैंची कट' म्हणतात, भावही वेगळा. त्याला लागते एक कात्री आणि अंगणात बसायला जागा. सेंद्रियच्या फलकांवर झाला तेवढा खर्च या भट्ट्यांवर आणि कात्र्यांवर का होऊ नये?

पोतं शिवून झालंय. सिलिगुडीची गाडी खाली वळणावर उभी आहे.